बारावा पक्षी

माणूस माणसाला मारतो तो द्वेषापोटी, असं थोरामोठ्यांनी लिहून ठेवलं आहे, आणि ते खोटं म्हणायची आपली प्राज्ञा नाही. पण हेन्री मियाता अठ्ठावीस वर्षं मोटारींच्या विम्याचा सर्व्हेअर होता. ठोकलेल्या गाडीभोवती फिरून काय काय मोडलं आणि कशामुळे मोडलं हे लिहायचं, हाच त्याचा धंदा. त्याच्या अनुभवात निम्म्या हाणामाऱ्या पार्किंगच्या जागेवरून झाल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या, आपली पाळी अजून का आली नाही यावरून.

१९८२च्या ऑगस्टात अमेरिकेतल्या पिस्कॅटवेला झालेली हाणामारी या दुसऱ्या प्रकारातली.

जवळच्या मोटार कारखान्यात चार महिने ले-ऑफ चालू होता. जपानी गाड्यांनी आमच्या पोटावर पाय दिला, असं कामगारांचं म्हणणं, आणि पाय देणारा हाताशी नसल्यामुळे त्यांनी गाडीवरच हात टाकायचं ठरवलं. आजारी मुलांच्या मदतीसाठी जत्रा भरवली. तिथे फुगे होते, हॉट डॉग होते, आणि मधोमध एक जुनी पांढरी जपानी गाडी होती. दारावर लाल रंगात ‘टोक्यो’ लिहिलेलं. रांगेत उभं राहायचं, हातात घण घ्यायचा, तीन घाव घालायचे आणि पुढच्याला द्यायचा. शनिवारी साडेतीनपर्यंत त्या गाडीचं धिरडं झालं आणि रांगेत अजून साठेक माणसं उभी. दुपारपासून बिअर पिणाऱ्या साठ माणसांना ‘गाडी संपली’ असं सांगणारा शूर जत्रेच्या कमिटीत नव्हता. पार्किंग लॉटच्या टोकाला राजाराम वर्तकाची पिवळी जपानी गाडी उभी होती.

राजाराम समोरच्या दुकानात बल्ब आणायला गेला होता. परत आला तेव्हा बल्ब शाबूत होता.

हा वर्तक हेन्रीचा शेजारी. एकाच जिन्यावर समोरासमोर दारं. हा इलेक्ट्रॉनिक्समधला इंजिनिअर, मूळचा पुण्याचा, आणि बायको पद्मिनी नागपूरची. हेन्री आपल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईबरोबर राहायचा. तिचं नाव कियो. पद्मिनी तिला ‘आजी’ म्हणायची, आणि म्हातारी त्याला ओ द्यायची, कारण साठ वर्षांत अमेरिकेने तिला याहून वाईट बऱ्याच हाका मारल्या होत्या.

दोन्ही घरांत दोन वर्षं एक युद्ध चालू होतं. दिवाळीला पद्मिनीने स्टीलच्या डब्यातून शंकरपाळे पाठवले, शेजारधर्म म्हणून. तिसऱ्या दिवशी डबा परत आला तो खारवलेल्या मुळ्याने भरून. घरात आलेल्या वस्तूची परतफेड केल्याशिवाय म्हातारीला झोप येत नसे. पद्मिनीला लहानपणापासून शिकवलेलं, की कोणाचं घेतलं तर हात रिकामा ठेवायचा नाही. मग थालीपीठ गेलं, त्यावर भाताचे मुटके आले. चकली गेली, बीन्सच्या गोड वड्या आल्या. वर्तकांच्या घरातली चर्चा भिंतीतून ऐकू यायची. हेन्रीला मराठी कळत नव्हतं, पण सूर कळायचा. शब्द साधारण असे असत:

“अहो, पुन्हा भरून आला.”

“मग आता थांब ना. डबा आपल्याकडे आहे. मॅच ओव्हर.”

“ओव्हर काय? तिने वड्या दिल्या, त्याचं काय?”

“पद्मिनी, पहिलं महायुद्धसुद्धा चार वर्षांत आटोपलं.”

“त्यात बायका नव्हत्या म्हणून.”

त्या शुक्रवारी पद्मिनीने आठ पुरणपोळ्या पाठवल्या होत्या. म्हातारीने त्या मोजल्या, एक खाल्ली, आणि तिचा चेहरा पडला. याच्या तोडीचं घरात काहीच नव्हतं. म्हणून शनिवारी संध्याकाळी राजाराम बल्ब हातात धरून दारात उभा राहिला, गाडीची हकीकत सांगून गेला, तेव्हा सगळ्यात आधी सुचलं ते तिला.

“हिदेओ,” ती म्हणाली. हेन्रीचं घरातलं नाव हिदेओ. “उद्या जाऊन त्याची गाडी बघून ये. कागद करून दे.”

“उद्या रविवार आहे, आई. रीतसर अर्ज केला की बुधवारी माणूस जाईल.”

“आठ पोळ्या होत्या, हिदेओ.”

हेन्रीने मोजपट्टी काढून बॅगेत टाकली. तसंही हेन्रीला घरात बसायचं नव्हतं. घरात टेबलाच्या खणात एक पत्र होतं. लढाईच्या काळात ज्या छावणीत मियाता कुटुंबाला डांबलं होतं, तिथे आता मेलेल्यांच्या नावाचा दगड बसणार होता. जुन्या छावणीकरांनी वर्गणी काढली होती. सोबत फॉर्म: मृताचं नाव, मृत्यूचं कारण, वारसाची सही. मुदत ऑगस्टअखेर. हेन्रीचा बाप छावणीत मेला होता. पण तो सरकारचा खबऱ्या म्हणून, आपल्याच माणसांच्या हातून मेला होता, आणि खबऱ्याचं नाव त्याच दगडावर कोरून घ्यायला जी जाड कातडी लागते ती हेन्रीजवळ नव्हती. खरा होता का बाप खबऱ्या? चाळीस वर्षांत त्याने हे आईला तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा ती उठून भांडी घासायला गेली.

*

रविवारी जत्रा उठत आली होती. हेन्री पिवळ्या गाडीभोवती फिरला. छत आत दबलेलं. पुढची काच नाही. मागची काच नाही. दारं चार, त्यांपैकी उघडणारं शून्य. बॉनेटवर घणाचे चाळीसेक घाव, आणि एका जागी कोणीतरी नुसत्या डोक्याने मारल्यासारखा खळगा. राजाराम त्याच्या मागून छत्री धरून चालत होता. ऊन होतं म्हणून.

“मिस्टर मियाता, कारणाच्या रकान्यात काय लिहिता?”

“‘वस्तू उभी असताना धडक.’”

“धडक म्हणजे अ‍ॅक्सिडेंट झाला ना.”

“मग ‘समाजकार्य’ लिहू?”

हेन्री गाडीखाली बघायला वाकला होता, तेवढ्यात त्याला सहा बूट दिसले. तीन माणसं. मधल्याच्या खांद्यावर घण. तो तंबू उतरवायचं काम करत होता आणि काम संपलं होतं, ही त्याची मुख्य अडचण.

“काय रे टोक्यो,” मधला म्हणाला. “मोजदाद करायला पाठवलं काय तुला?”

“विम्याचा आहे,” हेन्री म्हणाला.

“सर, हे कॅलिफोर्नियाचे आहेत,” राजारामने माहिती पुरवली. “यांचा जन्मच तिथला.”

“मी पण इथलाच,” मधला म्हणाला, “आणि मला चार महिने काम नाही.” त्याने घण उलटा धरला आणि दांड्याचं टोक हेन्रीच्या बरगड्यांत घातलं.

वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. हेन्री गुडघ्यांवर आला. दुसऱ्याने त्याचं डोकं केसांना धरून पिवळ्या दारावर आपटलं, एकदा, मग नेम चुकला असं वाटून पुन्हा. तिसऱ्याने बूट वापरला. बूट डाव्या डोळ्याखाली बसला आणि हेन्रीच्या तोंडात रक्त आणि दात एकदम आले. राजारामने छत्री मिटली आणि तिसऱ्याच्या पाठीत खुपसली. आयुष्यात केलेला पहिलाच हल्ला असल्यामुळे आधी त्याच्या तोंडून ‘एक्सक्यूज मी’ निघून गेलं. तिसऱ्याने वळून त्याला एक थोबाडीत दिली. चष्मा उडाला, आणि पुढचं राजारामला फक्त ऐकू आलं. ओल्या चिखलात फावडं मारावं तसा आवाज येत राहिला, सहा वेळा. मग कोणीतरी म्हणालं, “बस कर, तो म्हातारा आहे.” यातला ‘म्हातारा’ तेवढा हेन्रीला लागला. तो त्रेपन्न वर्षांचा होता.

पोलीस आला. त्याने हेन्रीला पहिला प्रश्न विचारला, तू इथे काय करत होतास. कमिटीची एक बाई धावत आली, फार भली बाई, तिने बर्फाची पिशवी दिली, आणि झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटून हॉट डॉगची दोन कुपनं त्याच्या खिशात घातली.

*

इमर्जन्सीतून बरगड्या बांधून, डोळ्यावर पट्टी लावून राजारामने त्याला टॅक्सीने घरी आणला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. म्हातारीने दार उघडलं. डाव्या डोळ्यावरच्या पट्टीकडे बघितलं. किंचाळली नाही, रडली नाही. कोणी मारलं हेही तिने विचारलं नाही. तिने विचारलं:

“त्यांनी तुला काही दिलं का?”

हेन्रीला वाटलं, आईचं डोकं फिरलं. त्याने खिशातून कुपनं काढली. ज्या बाईने चाळीस वर्षं रबरबँडसुद्धा फेकला नव्हता, तिने ती कुपनं फाडली, पुन्हा फाडली, आणि तुकडे सिंकमध्ये टाकून नळ सोडला.

“परत जायचं नाही,” ती म्हणाली. “काही घेऊन परत जायचं नाही त्यांच्याकडे. ऐकलंस? मीच पाठवलं होतं तुला. तुझ्या वडिलांनाही मीच पाठवलं होतं.”

आणि ती जमिनीवर बसून सांगायला लागली, अर्धं जपानीत, अर्धं मोडक्या इंग्रजीत. राजाराम दारातच राहिला. चष्मा नसल्यामुळे त्याला समोरचं स्वतःचं दार दिसत नव्हतं.

१९४१च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले, आणि सरकारला अशी शंका आली की पुढचा बॉम्ब कॅलिफोर्नियात टोमॅटो पिकवणारा सेइजी मियाता टाकील. अशा शंका सरकारला लाखभर माणसांबद्दल आल्या. सेइजी, कियो, तेरा वर्षांचा हिदेओ आणि तान्ही मिएको यांच्या कोटांना नंबरचे बिल्ले बांधून त्यांना वाळवंटातल्या छावणीत नेलं. डांबरी कागद ठोकलेल्या फळ्यांची खोली, एका खोलीत आठ माणसं, आणि फटीतून येणारी वाळू वेगळी. कुंपणाबाहेर बुरूज होते. ते तुमच्या संरक्षणासाठी आहेत असं सांगितलं होतं. बंदुका आतल्या बाजूला वळलेल्या होत्या.

ऑक्टोबरात मिएको तापाने मेली. इथपर्यंतचं हेन्रीला माहीत होतं.

“कोठाराचा साहेब होता, टॉलिव्हर,” कियो म्हणाली. “गोरा. त्याने पीचचा डबा पाठवला. पोरगी गेली म्हणून. तुझे वडील म्हणाले, तो अमेरिकन आहे, त्याला रीत माहीत नाही, राहू दे. मी म्हटलं, रीत आपल्याला माहीत आहे ना. मयताच्या घरी आलेलं तसंच ठेवून घ्यायचं? माझ्या पोरीच्या नावावर उधारी?”

घरात देण्यासारखं काही नव्हतं. सेइजीने खोक्याच्या फळीतून एक पक्षी कोरला. खिडकीच्या जाळीच्या तारेचे पाय केले. दिवसभर खंदक खणून झाल्यावर, अंधार पडताना तो कोटाच्या आत घालून ऑफिसात नेऊन दिला. साहेबाने खूश होऊन सिगारेटचं पाकीट दिलं. म्हणजे आता सिगारेटचं देणं आलं. दुसरा पक्षी गेला, साखर आली. तिसरा गेला, साबण आला.

“अकरा वेळा,” कियो म्हणाली. “आठवड्यातून दोनदा कधी. प्रत्येक वेळी मी सांगायची, जा. तो म्हणायचा, लोक बघतात. मी म्हणायची, बघू देत, आपण कोणाचं ठेवत नाही.”

लोक बघतच होते. ते हिदेओनेही बघितलं होतं. बाप अंधारात कोटात काहीतरी लपवून साहेबाच्या ऑफिसात जातो आणि सिगारेट घेऊन येतो. डिसेंबरात स्वयंपाकघरातल्या तीन आचाऱ्यांना मांस चोरल्याबद्दल पकडून नेलं, तेव्हा कोणी चुगली केली हे सांगायला कोणाची गरज उरली नाही. खबऱ्याला जपानीत कुत्रा म्हणतात. मियातांच्या दाराला कोणीतरी हाडं बांधून गेलं.

मग एका संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, सहा माणसं आली. तोंडाला टॉवेल बांधलेले. हिदेओ खाटेखाली होता. त्याचा पुढच्या आयुष्यातला पहिला सर्व्हे त्याने तिथून केला. हत्यारं: लोखंडी खाटेचे पाय दोन, सरपणाची लाकडं तीन, पिठाचा मोठा डाव एक. पुढचा भाग: जबडा पहिल्याच घावात गेला. डावी बाजू: हात कोपरापासून उलटा. डावा डोळा: डावाच्या कडेने. डाव धरणाऱ्याने स्वयंपाकघरातला एप्रन काढायचे कष्टही घेतले नव्हते. तो अकियामा होता. कालच त्याने हिदेओला भाताची जळकी खरवड जास्त वाढली होती. कियोने एकाचा कान चावला आणि तुकडा पाडला. त्याने तिला भिंतीवर फेकली. सेइजी पडल्यावरही ते मारत होते, न बोलता, कामावर आल्यासारखे. आणि जाताना त्यांतल्या एकाने दार नीट लावून घेतलं, वाळू येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सैनिक त्या सहांना पकडायला आले. जमाव जमला. दगड गेले, गॅस आला, आणि मग कोणी हुकूम दिला की नाही यावर पुढे बरेच कागद खर्च झाले, पण गोळ्या सुटल्या. अकियामाचा धाकटा भाऊ पाठीत गोळी लागून मेला. तो गंमत बघायला आला होता.

सेइजी नऊ दिवस जगला. शाळेत पोरं हिदेओकडे बघून भुंकायची. एकाचे पुढचे दात त्याने दगडाने पाडले आणि मनात ठरवलं की हे सगळं बापाने केलं. पाचव्या दिवशी दवाखान्यात बापाने पाणी मागितलं. जबडा बांधलेला होता तरी कळलं होतं. हिदेओ खिडकीबाहेर बघत बसला. पाणी नंतर नर्सने दिलं.

“तू मला कधी सांगितलं का नाहीस?” हेन्रीने विचारलं. तुटलेल्या दातांतून शब्द नीट निघत नव्हते.

“काय सांगू? पीचसाठी मारला म्हणून?”

ती उठली. भांडी घासायला जाते आहे असं वाटलं, पण ती कपाटाकडे गेली. मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. बोटभर लाकडी पक्षी. पोट पिवळं रंगवलेलं. उजवा पंख चिरलेला.

“बारावा,” ती म्हणाली. “त्या रात्री कोटात होता. हा द्यायचा राहिला.”

दारातून राजारामने विचारलं, “आजी, त्या शेवटच्या वेळी साहेबाने काय दिलं होतं?”

म्हातारीने डोळे पुसले. “मीठ,” ती म्हणाली. “नुसतं मीठ. त्यावर सोडून दिलं असतं तरी चाललं असतं.”

*

विम्याच्या धंद्यात एक नियम आहे: एका साक्षीवर कारण भरायचं नाही, आणि साक्षीदार घरचा असेल तर मुळीच नाही. हेन्रीने अठ्ठावीस वर्षं हा नियम पाळला होता. बापासाठी मोडायचा तर तो पुन्हा बापाचाच अपमान झाला असता. ज्या धंद्यात पळालेले ट्रकवाले शोधावे लागतात, त्यात एक निवृत्त कोठारवाला शोधायला तीन फोन लागतात. आर्थर टॉलिव्हर मिझुरीत होता. वय एकोणऐंशी.

मुदतीच्या आदल्या दिवशी हेन्री टेबलाशी बसला. समोर फॉर्म, फॉर्मवर वजन म्हणून पक्षी. म्हातारी शेजारी. तिला इंग्रजी फार कळत नसे, पण उठली नाही.

“मियाता?” टॉलिव्हर म्हणाला. “तो पक्षीवाला? अरे देवा, तो तुझा बाप? दर थोड्या दिवसांनी हजर. वाकायचा, टेबलावर पक्षी ठेवायचा, उभा राहायचा.”

“काय बोलायचा?”

“काही नाही. मला वाटायचं विकायला आणतो. मग हाताला लागेल ते द्यायचो, म्हणजे जाईल. दोन दिवसांनी परत. शेवटी शेवटी मी मीठ द्यायला लागलो. खरं सांगू का, मला पक्षी आवडत नाहीत.”

“त्याने तुम्हाला कधी कोणाबद्दल काही सांगितलं? आचाऱ्यांबद्दल?”

“कशात सांगणार? त्याला इंग्रजी येत होतं का?”

बापाला इंग्रजीचे चाळीस शब्द येत होते, आणि त्यांतले तीस टोमॅटोचे होते. हे हेन्रीला माहीत होतं. अकियामाला माहीत होतं. छावणीत न माहीत असणारा एकही माणूस नव्हता. चाळीस वर्षांत हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि कोणाच्याही डोक्याआधी ते हेन्रीच्या डोक्यात यायला हवं होतं.

त्याने फॉर्मवर बापाचं नाव लिहिलं. खाली सही केली.

“एक पक्षी राहिला आहे, मिस्टर टॉलिव्हर. आईला वाटतं, तुम्हाला पाठवावा.”

“नको, नको,” पलीकडून घाईघाईने आवाज आला. “मग मला काहीतरी पाठवावं लागेल.”

मृत्यूच्या कारणाचा रकाना तेवढा उरला होता. म्हणून हेन्रीने विचारलं, “मग चुगली केली कोणी?”

“कोणी नाही. चुगली कसली? आम्ही वह्या बघितल्या. कागदावर मांस आलेलं होतं, ताटांत नव्हतं. मध्ये कोण, तर आचारी. म्हणून पकडले.” टॉलिव्हर खोकला. “त्यांना पुढे सोडावं लागलं म्हणा. वसंतात कळलं. मांस छावणीत आलंच नव्हतं. ट्रकचा ड्रायव्हर वाटेतल्या गावात उतरवून टाकायचा.”

“त्याचं काय झालं?”

“ड्रायव्हरचं? त्याला दुसरा रूट दिला.”